परदेशी विद्यापीठाबरोबर शालेय पोषण आहारावर संशोधन करायचे आहे? आधी पातेल्याजवळ बसा

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात अन्नशास्त्र शिकवता. युरोपातल्या एका विद्यापीठाने तुमच्या विभागाला कराराचा मसुदा पाठवला आहे. जिल्हा परिषदेच्या दहा शाळांतल्या खिचडीत सहा महिने लोहाची पूड मिसळायची आणि आधी व नंतर मुलांचे हिमोग्लोबिन मोजायचे, असा आराखडा आहे. हे काम घ्यावे का, यातून मुलांना खरेच काही मिळते का, आणि घ्यायचे तर काय सांभाळावे, असे तुम्ही विचारले आहे.

घ्या, असे माझे मत आहे. पण मसुदा आहे तसा सही करून परत पाठवू नका. पोषणशास्त्रात मी सत्तावीस वर्षे काढली. त्यातला निम्म्याहून जास्त काळ आश्रमशाळा, वसतिगृहे आणि जिल्हा परिषदेच्या शाळांच्या स्वयंपाकखोल्यांत गेला. परदेशी सहकाऱ्यांबरोबर चांगली कामे झाली, काही फसलीही. दोन्हींत फरक कशाने पडला हे शोधू लागले की दर वेळी मी एकाच जागी येते: मूळ प्रश्न कुणाचा होता? पैसा, यंत्रे, संख्याशास्त्र बाहेरून आले तरी चालते. प्रश्न मात्र इथल्या ताटातून निघावा लागतो.

याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण बाजरीचे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या उत्तर भागातली टपोऱ्या दाण्याची ‘इनियाडी’ बाजरी आणून तिच्यातून ‘आयसीटीपी ८२०३’ हा वाण निवडला. १९८८मध्ये तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला आणि आपल्या कोरडवाहू रानांत चांगला रुजला. पुढे हार्वेस्टप्लस या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या मदतीने त्याच वाणातून जास्त लोह असलेली कणसे निवडत ‘धनशक्ती’ तयार झाली. २०१२मध्ये ती महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या हाती आली आणि २०१४मध्ये देशपातळीवर अधिसूचित झाली. आपण जिला अस्सल गावरान समजतो त्या भाकरीत एवढा प्रवास भरलेला आहे.

मग साधा प्रश्न आला: या भाकरीने मुलांच्या अंगात लोह वाढते का? अमेरिकेचे कॉर्नेल विद्यापीठ आणि मुंबईचे एसएनडीटी महिला विद्यापीठ यांनी मिळून अहमदनगर भागात (आताचे अहिल्यानगर) १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर हा अभ्यास केला. एका गटाला किलोमागे सुमारे ८६ मिलिग्रॅम लोह असलेल्या धनशक्तीची भाकरी, दुसऱ्याला सुमारे २२ ते ५२ मिलिग्रॅम लोह असलेल्या साध्या बाजरीची, असे सहा महिने चालले. सुरुवातीला ४१ टक्के मुलांत लोहाची कमतरता होती आणि २८ टक्के मुलांना रक्तक्षय होता. चार महिन्यांत धनशक्तीच्या गटात फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे वाढला. सुरुवातीला कमतरता असलेल्या मुलांची कमतरता सहा महिन्यांत दूर होण्याची शक्यता धनशक्तीच्या गटात १.६४ पट होती. त्यांतल्या काही मुलांच्या संगणकावर चाचण्याही घेतल्या होत्या. लक्ष आणि स्मरणाच्या बाबतीत धनशक्तीच्या गटाची प्रगती जास्त दिसली. २०१५ आणि २०१८मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या अभ्यासाची मांडणी नीट पाहा. मुलांना नवे काहीच खायला लावले नाही. भाकरी ती खातच होती. दुसरा गटही उपाशी राहिला नाही, त्यालाही पोटभर भाकरी मिळाली. ताट बदलले नाही, फक्त दाण्यातले लोह बदलले. इथल्या माणसाने प्रश्न मांडला आणि बाहेरच्या प्रयोगशाळेने त्याचे उत्तर मोजून दिले की काम असे होते.

तरीही शालेय पोषण आहारात बाजरीची भाकरी सर्रास का दिसत नाही? इथे शोधनिबंध संपतो आणि स्वयंपाकखोली सुरू होते. केंद्राच्या निकषाप्रमाणे २५ मुलांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन आणि पुढच्या दर शंभरामागे आणखी एक स्वयंपाकी-मदतनीस असते. म्हणजे २०० मुलांना तिघी. एक भाकरी थापून, भाजून उतरवायला दोन मिनिटे धरा. दोनशे भाकऱ्या म्हणजे चारशे मिनिटे. तिघींत वाटल्या तरी प्रत्येकीच्या वाट्याला सव्वादोन तास नुसते तव्यापुढे येतात, आणि आमटी-भाजी वेगळीच. केंद्राच्या निकषात त्यांचे मानधन महिन्याला १००० रुपये आहे, तेही वर्षातले १० महिने. राज्य त्यात भर घालते. खिचडी एका पातेल्यात होते, म्हणून ती टिकली आहे. शिवाय बाजरीचे पीठ चार दिवसांत कडवट होते. म्हणजे दळण दर दोन-तीन दिवसांनी हवे आणि गिरणी जवळ हवी. बाजरीची खिचडी करावी तर बाजरी ओलवून, कांडून, पाखडून घ्यावी लागते, आणि कोंड्याबरोबर लोहही थोडे पाखडले जाते. पुढचा खरा संशोधनाचा विषय मला इथे दिसतो: कमी कष्टात, शंभर-दोनशे मुलांसाठी, लोह न घालवता बाजरी कशी रांधायची? त्यावर मात्र कुणी मोठा निधी घेऊन आलेले मी पाहिले नाही. तुमचा विभाग अन्नशास्त्राचा आहे. हा प्रश्न तुमचाच आहे.

पुढचेही प्रामाणिकपणे सांगते. धनशक्तीच्या पदार्थांचा प्रयोग नंतर मुंबईतल्या वस्त्यांमधल्या १२ ते १८ महिन्यांच्या बाळांवरही झाला. तिथे एकूण गटात लोहावर ठळक परिणाम दिसला नाही. मुलग्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये सुधारणा दिसली. इतकी लहान बाळे खातात किती, आजारी किती वेळा पडतात, घरचे दूध किती, सगळेच वेगळे. एका वयात लागू पडलेले उत्तर दुसऱ्या वयाला जसेच्या तसे लावू नये. तुमच्या मसुद्यात ‘पूर्वीच्या अभ्यासांत यश आले आहे’ असे वाक्य असेल, तर कोणत्या वयात आणि कोणत्या जेवणावर, हे विचारा.

आता तुमच्या आराखड्याकडे येते. नुसते हिमोग्लोबिन मोजू नका. २०१६ ते २०१८ दरम्यान देशभर सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण झाले. त्यात शिरेतून घेतलेल्या रक्तावर चाचण्या झाल्या. ५ ते ९ वर्षांच्या मुलांत रक्तक्षय २४ टक्के आढळला, पण लोहाची कमतरता १७ टक्के. रक्त तयार व्हायला लागणाऱ्या दुसऱ्या दोन जीवनसत्त्वांपैकी त्याच वयात फोलेटची कमतरता २८ टक्के आणि बी-१२ची १७ टक्के. किशोरवयात बी-१२ची कमतरता ३१ टक्क्यांवर गेली. म्हणजे फिकट दिसणारे प्रत्येक मूल लोहाअभावी फिकट नसते. फक्त लोहाची पूड दिली आणि हिमोग्लोबिन हलले नाही, तर ‘पूड निकामी’ असा निष्कर्ष निघेल. खरी कमतरता कदाचित बी-१२ची असेल. फेरिटिन मोजा, पण त्याबरोबर सीआरपी हे अंगातला दाह-संसर्ग दाखवणारे प्रथिनही मोजा, कारण अंगात ताप-संसर्ग असला की फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते. बोटाला टोचून काढलेल्या थेंबावर विसंबू नका. बोट दाबून रक्त काढले की त्यात ऊतींतले पाणी मिसळते आणि आकडे डळमळतात.

बी-१२चा विषय निघाला म्हणून केनियातला एंबू इथला अभ्यास सांगते. तो मी माझ्या प्रत्येक विद्यार्थिनीला वाचायला लावला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाची लॉस एंजेलिस शाखा आणि नैरोबी विद्यापीठ यांनी १९९८ ते २००० या काळात तिथल्या १२ ग्रामीण शाळांत तो केला. तिथे मका आणि घेवड्याचा ‘गिथेरी’ नावाचा पदार्थ घरोघरी होतो, आपल्याकडच्या खिचडीइतका रोजचा. काही शाळांत गिथेरीत मांस घातले, काहींत गिथेरीबरोबर दूध दिले, काहींत तेवढ्याच उष्मांकाचे तेल घातले आणि काही शाळा तुलनेसाठी ठेवल्या. मांस मिळालेल्या मुलांनी तर्काच्या चाचणीत सर्वांत चांगली प्रगती केली, आणि मैदानावर ती जास्त खेळती, पुढाकार घेणारी दिसली. दूध मिळालेल्यांत लहान आणि खुरटलेल्या मुलांची उंची वाढली. मांस-दुधाच्या दोन्ही गटांत बी-१२ सुधारले. मुले मैदानावर काय करतात हे कुणीतरी बसून नोंदवले, हे मला फार मोलाचे वाटते. रक्ताच्या नळीत न दिसणारी गोष्ट त्या पाहणीने दाखवली.

आपल्याकडे हाच विषय अंड्यापाशी येऊन थांबतो. महाराष्ट्राने २०२३च्या अखेरीस आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्यांना केळे, असे सुरू केले. जानेवारी २०२५मध्ये त्यासाठीचा राज्याचा वेगळा निधी थांबला आणि शाळांना लोकसहभागातून करायला सांगितले गेले. मला याचे फार वाईट वाटले आणि आजही वाटते. मे २०२५पासून प्राथमिकच्या मुलामागे रोजचा स्वयंपाकाचा खर्च ६ रुपये ७८ पैसे धरला जातो आणि उच्च प्राथमिकला १० रुपये १७ पैसे. धान्य वेगळे मिळते. डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळे त्यात. बाजारात एक अंडेच सहा-सात रुपयांना पडते. ज्या गावात रोजंदारीवर घर चालते, तिथे लोकसहभाग म्हणजे शिक्षकांचा खिसा. तुमच्या परदेशी सहकाऱ्यांना पूड सुचली, कारण ती स्वस्त आहे आणि मोजायला सोपी आहे. त्यांना विचारा, पुडीच्या जोडीला अंड्याचाही एक गट ठेवता येईल का? त्या प्रश्नाचे उत्तर शासनापुढे ठेवता येईल असे असेल.

शाळांच्या संख्येबद्दलही बोलते. एका शाळेतली मुले एकाच पातेल्यातले खातात, एकाच टाकीचे पाणी पितात, एकाच साथीत आजारी पडतात. म्हणून दहा शाळांतली हजार मुले म्हणजे हजार वेगळी निरीक्षणे नव्हेत. पूड कुणाला द्यायची हे ठरवायला चिठ्ठ्या शाळांच्या टाकायच्या, मुलांच्या नाही, आणि शाळा पुरेशा हव्यात. बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यात जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी मध्यान्ह भोजनातले साधे मीठ बदलून लोह-आयोडीन असे दुहेरी पोषक मीठ दिले, तेव्हा शाळा शंभरावर घेतल्या होत्या. रक्तक्षय सुमारे एक पंचमांशाने घटला. अभ्यासातल्या गुणांवर मात्र परिणाम दिसला नाही. जी मुले नियमित शाळेत येत होती त्यांना फायदा जास्त झाला. माझ्या मते या अभ्यासाचा सगळ्यात उपयोगी निष्कर्ष हाच आहे. ताट शाळेत आहे आणि मूल शाळेत नाही, तर कोणतेही मीठ काय करणार?

आणि इथेच तुमचा जिल्हा आडवा येतो. सहा महिने म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, असे मसुद्यात असेल तर ते आधी बदला. युरोपातल्या माणसाला ऊसतोड माहीत नसते. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि पोरे बैलगाडीत, ट्रॅक्टरवर आईबापांबरोबर कारखान्याच्या पट्ट्यात जातात. ती परत येतात मार्च-एप्रिलला. म्हणजे ज्यांना त्या ताटाची सर्वांत जास्त गरज, तीच मुले तुमच्या अंतिम मोजणीत नसतील, आणि उरलेल्या बऱ्या घरच्या मुलांवरून तुम्ही निष्कर्ष काढाल. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. पहिली मोजणी तेव्हा करा, दिवाळीआधी एक मोजणी घ्या आणि तिथेच मुख्य निष्कर्ष ठरवा. गावात हंगामी वसतिगृह चालत असेल तर त्या मुलांचा पाठपुरावा वेगळा ठेवा. जी मुले टोळीबरोबर गेली त्यांची नोंद ‘गळती’ अशी करू नका. ती कुठे गेली ते लिहा.

लोह कुठून कुठून येते याची वहीही आधी घाला. बंगळूरच्या सेंट जॉन्स संस्थेने आणि झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाने लोहयुक्त तांदळाचा शाळकरी मुलांवर सात महिने अभ्यास केला होता. तो २००६मध्ये प्रसिद्ध झाला. लोहाच्या गटात कमतरता ७८ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली. पण साध्या तांदळाच्या गटातही ती ७९ वरून ४९ वर आली होती! दोन्ही गटांना जंताचे औषध दिले होते आणि दोघांनाही रोज नीट जेवण मिळत होते. तुलनेचा गट नसता तर सगळे श्रेय तांदळालाच गेले असते. तुमच्या आराखड्यात तुलनेच्या शाळा आहेत का, हे तुमच्या पत्रात कुठे लिहिलेले नाही. नसतील तर काम सुरूच करू नका.

आज परिस्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. शाळेत येणारा तांदूळ गेली काही वर्षे पोषणसंपृक्त, म्हणजे लोह वगैरे मिसळलेला, असायचा; आता तुमच्या कोठीत कोणता येतो ते पाहा. शिवाय आठवड्याची लोह-फॉलिक गोळी आहे, ५ ते ९ वर्षांना गुलाबी आणि १० ते १९ वर्षांना निळी. वर्षातून जंतनाशक दिन आहेत. त्यावर तुमची पूड. कागदावर या गोळ्या वाटलेल्या असतात, पोटात किती जातात ते वर्गशिक्षकालाच ठाऊक. म्हणून वर्गात बसून आधी महिनाभर नोंद करा. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलसाठी ज्या मुलांना वारंवार रक्त चढवावे लागते, त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढीव लोह देऊ नये. अशी मुले कोण आहेत हे पहिल्याच दिवशी पालकांना विचारून घ्या.

आता मी फसले होते त्याबद्दल लिहिते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेत आम्ही मोड आलेल्या मटकीचे प्रमाण वाढवले. मोड आले की लोह अडवून धरणारे फायटेट घटते आणि लोह अंगी लागायला मदत होते, हे पुस्तकी ज्ञान पक्के होते. रोज वाढलेल्या उसळीचे वजन घेत होतो. वर्षाच्या शेवटी काहीच हलले नाही. मग एक दिवस मी यंत्र-वह्या बाजूला ठेवून सकाळी आठ वाजता स्वयंपाकखोलीत जाऊन बसले. तिथल्या मावशी म्हणाल्या, “बाई, कोठीची किल्ली सरांकडं. सर येत्यात दहाला. मटकी भिजवू कधी अन् मोड आणू कधी?” मटकी तशीच, न भिजवता, न मोड आणता शिजत होती. त्यात बोअरचे पाणी जड. डाळ-कडधान्य त्यात गळतच नाही. मुले कडक दाणे ताटाच्या कडेला सारत होती आणि सुटीनंतर ते कोंबड्यांपुढे जात होते. आम्ही वर्षभर जे मोजले ते कोंबड्यांनी खाल्ले. चूक पूर्णपणे माझी होती. मावशींना मी पहिल्या दिवशी विचारले असते तर त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितले असते. उपाय दोन निघाले. आदल्या दिवशी दुपारी मटकी मोजून काढून द्यायची, आणि शिजवायला टाकीत साठवलेले पावसाचे किंवा नळाचे पाणी वापरायचे. त्यासाठी ना परदेशी निधी लागला, ना प्रयोगशाळा.

तेव्हापासून माझा नियम आहे: वाढलेले मोजायचे, उरलेले मोजायचे आणि मुलाने काय खाल्ले तेवढेच लिहायचे. आणखी एक, घरून मूल काय खाऊन आले तेही विचारायचे. शाळेत जेवते म्हणून घरची भाकर कमी होते का, ही शंका नेहमी घेतली जाते. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागातल्या एका अभ्यासाने २०१०मध्ये दाखवले की तसे होत नाही. शाळेतले जेवण जवळपास पूर्णपणे मुलाच्या रोजच्या आहारात भर घालते. पण तुमच्या गावांत काय होते ते तुम्ही पाहा.

मुलांना खरेच काही मिळते का, या तुमच्या प्रश्नाला मी सर्वांत मोठे उत्तर देते ते २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे. वॉशिंग्टनमध्ये मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेच्या संशोधकांनी आपल्याच देशाच्या नमुना पाहण्यांचे आकडे घेऊन पाहिले की ज्या मुलींना शाळेत मध्यान्ह भोजन मिळाले, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या बाळांचे काय? योजना पूर्ण पोहोचलेल्या भागांतल्या आयांच्या मुलांची वयानुसार उंची लक्षणीय जास्त निघाली. त्या मुली जास्त शिकल्या, उशिरा आई झाल्या, दवाखान्यात बाळंत झाल्या. हा निबंध वाचताना मला माझ्या पहिल्या आश्रमशाळेतल्या मुली आठवल्या आणि मी बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. आपण सहा महिन्यांत हिमोग्लोबिन शोधतो. एका ताटाचा हिशेब वीस वर्षांनी दुसऱ्याच घरात दिसतो. १५ ऑगस्ट १९९५ला योजना सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ला शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला. तो आदेश नसता तर बऱ्याच राज्यांत कोरडे धान्यच वाटत राहिले असते. म्हणून तुमच्या करारात एक कलम घाला: मुलांच्या नोंदी, पालकांच्या परवानगीने, पुढे दहा वर्षांनीही शोधता येतील अशा जपायच्या, आणि त्या भारतात राहतील.

परवानग्यांचे थोडक्यात. परदेशी भागीदार असलेल्या आरोग्य संशोधनाला संस्थेच्या नीतिमत्ता समितीबरोबरच आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. तिचे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) पाहते. पहिले मूल सहभागी होण्याआधी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत अभ्यास नोंदवा. परदेशी निधी कोणत्या खात्यात, कोणत्या कायद्याखाली येतो हे महाविद्यालयाच्या लेखा विभागाला आजच विचारा. यात महिने जातात आणि जूनची पहिली मोजणी हुकते. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाचे पत्र हवे, आणि शाळा व्यवस्थापन समितीची बैठक हवी. नुसत्या मुख्याध्यापकांच्या होकारावर जाऊ नका.

संमतीपत्र मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे. पालकांची लेखी संमती तर हवीच. ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी होकारही हवा. परदेशातून आलेल्या पत्राचे भाषांतर करून वाटू नका. आम्ही तसे एकदा केले होते. त्यात ‘जैविक नमुना’ असा शब्द होता. गावात बातमी पसरली की पोरांच्या अंगातले काहीतरी काढून परदेशी नेणार. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर. एका आजीने मला पारावर बसवून विचारले, “नमुना म्हंजे काय काढणार गं?” मी सांगितले, “आजी, दंडातून पाच मिली रक्त, म्हणजे एक चहाचा चमचा.” त्या म्हणाल्या, “मग तसं लिही की.” तसेच लिहिले आणि मुले परत आली. पत्र पहिल्यांदा मराठीत लिहा, एका मावशीला आणि एका आजीला वाचून दाखवा, मग त्याचे इंग्रजी करून युरोपात पाठवा.

आणि निकाल परत द्या. याच्याइतकी कळकळ मला दुसऱ्या कशाचीच नाही. एका गावात तीन वर्षांनी गेले तेव्हा एका आईने वाट अडवली. “माझ्या पोरीचं रक्त नेलं होतं तुमी. काय निघालं त्यात?” निकाल भागीदार संस्थेच्या संगणकात होता, निबंध छापून आला होता आणि ती मुलगी तोवर शाळा सोडून शेतात जाऊ लागली होती. तिचे हिमोग्लोबिन फार कमी होते. ते मला त्या दिवशी कागद शोधल्यावर कळले. तिला त्याच आठवड्यात दवाखान्यात न्यायला हवे होते. तुमच्या करारात लिहा: रक्त काढल्यापासून पंधरा दिवसांत प्रत्येक पालकाच्या हातात मराठीतला कागद, आणि धोक्याच्या पातळीखालचे मूल असेल तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन. या कलमावर भागीदार अडला तर काम सोडून द्या.

लेखकांची नावे, आकड्यांची मालकी, नमुने कुठे तपासायचे, हेही आधीच ठरवा. शक्य तितक्या चाचण्या आपल्याच देशातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होऊ द्या. नमुने उणे ८० अंशांवर ठेवावे लागतात, आणि तुमच्या गावी वीज किती वेळ जाते हे तुम्हालाच माहीत आहे.

बाहेरच्यांकडून काय घ्यायचे हेही सांगते, कारण घेण्यासारखे पुष्कळ आहे. २०२१मध्ये शालेय आहारासाठी देशांची एक आघाडी झाली आणि तिच्याबरोबर एक संशोधन समूह उभा राहिला. लंडनची स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन त्याचे नेतृत्व करते. जागतिक अन्न कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालाप्रमाणे जगभर सुमारे ४६ कोटी ६० लाख मुलांना शाळेत जेवण मिळते. इतक्या देशांत कोण किती खर्चात काय वाढते, याची मोजपट्टी त्या समूहाकडे तयार होते आहे. खर्च आणि फायद्याचा हिशेब कसा मांडायचा, हे त्यांच्याकडून शिका. आपल्याकडे ते फार कच्चे आहे. ब्राझीलने २००९च्या कायद्याने शाळांच्या आहारासाठीच्या केंद्रीय निधीतले किमान ३० टक्के कुटुंबशेती करणाऱ्यांकडून खरेदीसाठी राखले. घानाने आपल्या योजनेची मोजणी राष्ट्रीय पातळीवर चिठ्ठ्या टाकून केली. ही दोन कामे नीट वाचा. आपल्याकडे गोव्यात बचत गट पाव-भाजी देतात. तिथला प्रश्न तुमच्या खिचडीपेक्षा वेगळा निघेल, हेही लक्षात ठेवा.

पहिल्या ऑनलाइन बैठकीला रिकाम्या हाताने बसू नका. आठवडाभर तुमच्या तीन शाळांत जा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा न्या. कोठीतून किती तांदूळ, किती डाळ, किती तेल निघाले. किती पाण्यात, किती वेळ शिजले. पन्नास मुलांच्या ताटात किती पडले आणि किती उरले. त्या दिवशी पटावर किती आणि हजर किती, हे रोज लिहा. मावशींचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत टिपा. हे सहा दिवसांचे कागद समोर ठेवा आणि मग विचारा की पूड कोणत्या वेळी, कुणाच्या हाताने आणि कोणत्या चमच्याने पडणार आहे. त्यांच्याकडे उत्तर नसेल तर आराखडा तुम्ही लिहायला घ्या. तो मला पाठवा, मी रात्री बसून वाचेन.